मुस्लिमांमधल्या कट्टरतेची सरकारी चौकशी निघाली की त्यावरचा वाद कसा वाचायचा

कुठल्याही देशात "मुस्लिम समाजातल्या कट्टरतेची चौकशी" असं काही निघालं की तासाभरात दोन तट पडतात. एका बाजूचे म्हणतात अखेर कुणीतरी हिंमत केली, दुसऱ्या बाजूचे म्हणतात हा सरळसरळ छळ आहे, आणि दोन्हीकडच्या बहुतेकांनी त्या चौकशीत कोण काय बोललं याचं एक पानही वाचलेलं नसतं. मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो कारण यात खरी माणसं मेलीयत आणि खऱ्या माणसांवर नाहक संशयही आलाय, त्यामुळे असा वाद समोर आला तर तो वाचायचा कसा हे सविस्तर लिहितोय. हवेत बोलण्यापेक्षा एकच केस घेऊ जिचे सगळे कागद उघडे आहेत, ती म्हणजे अमेरिकेत २०११ साली पीटर किंग यांनी घेतलेली सुनावणी.

आधी थोडी पार्श्वभूमी. नोव्हेंबर २००९ मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड लष्करी तळावर मेजर निदाल हसन या लष्करातल्याच डॉक्टरनं गोळीबार करून १३ जणांचा जीव घेतला. मे २०१० मध्ये फैसल शहजादनं न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये गाडीत बॉम्ब ठेवला, तो नशिबानं फुटला नाही. दोघंही अमेरिकन नागरिक. त्याच्या आधीच, २००७ पासून, मिनियापोलिसमधली वीसएक सोमाली पोरं घर सोडून अल-शबाब या दहशतवादी संघटनेसाठी लढायला सोमालियात गेली होती. म्हणजे "आपल्याच देशात वाढलेला पोरगा या वाटेला का लागतो" हा प्रश्न कुणी मुद्दाम उकरून काढलेला नव्हता, तो खरा होता. नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत प्रतिनिधीगृह रिपब्लिकन पक्षाकडे गेलं, न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडचे खासदार पीटर किंग होमलँड सिक्युरिटी कमिटीचे अध्यक्ष झाले आणि १० मार्च २०११ ला त्यांनी पहिली सुनावणी लावली. त्याच्या चार दिवस आधी टाइम्स स्क्वेअरमध्ये विरोधात मोठं निदर्शन झालं, आणि त्याच दिवशी व्हाइट हाउसचे डेनिस मॅक्डोना व्हर्जिनियातल्या एका मुस्लिम सेंटरमध्ये जाऊन बोलले की काही मोजक्यांच्या करणीसाठी सगळ्या समाजाला दोषी धरायचं नसतं. म्हणजे सुनावणीत पहिला शब्द बोलला जायच्या आधीच वाद शिगेला पोचला होता.

पहिलं काम: शीर्षक नीट वाचा

बातमीचं नाही, चौकशीचं अधिकृत शीर्षक. किंग यांच्या सुनावणीचं शीर्षक मराठीत साधारण असं होईल: "अमेरिकन मुस्लिम समाजातल्या कट्टरतेची व्याप्ती आणि त्याला त्या समाजाचा प्रतिसाद". आता यात चौकशीखाली कोण आहे ते बघा. अल-कायदाची भरती कशी चालते हा प्रश्न नाही, येमेनमधून इंटरनेटवर भाषणं देणारा अन्वर अल-अवलाकी नाही, एफबीआयकडून काय सुटलं हेही नाही. चौकशीखाली आहे एक समाज, आणि दुसऱ्या भागात तर तोच समाज उत्तर द्यायलाही उभा केलाय.

याच्याशेजारी त्याच काळातली दुसरी चौकशी ठेवा म्हणजे फरक लगेच कळतो. सिनेटमध्ये जो लीबरमन आणि सुझन कॉलिन्स यांनी फोर्ट हूडच्या हत्याकांडावर चौकशी केली, तिचा अहवाल फेब्रुवारी २०११ मध्ये आला, म्हणजे किंग यांच्या सुनावणीच्या महिनाभर आधी. तो अहवाल काही गोडगोड नव्हता, त्यात हिंसक इस्लामी कट्टरतावाद हे नाव घेऊनच बोललेत, पण चौकशीखाली होतं संरक्षण खातं आणि एफबीआय. हसनचे अल-अवलाकीशी ईमेल चालले होते हे एफबीआयला ठाऊक होतं, लष्करातल्या वरिष्ठांना आणि सहकाऱ्यांना त्याची मतं ठाऊक होती, तरी कुणी काही केलं नाही, आणि कुठे चुकलं ते अहवालानं एकेक करून दाखवलं. माझं स्पष्ट मत आहे की सिनेटची ही चौकशी किंग यांच्या चौकशीपेक्षा जास्त कडक होती. पण तिच्यावर निदर्शनं झाली नाहीत आणि टीव्हीवर भांडणं पण झाली नाहीत, म्हणून ती फारशी कुणाच्या लक्षात नाही.

तर शीर्षक वाचताना एकच विचारायचं, यात तपास कृत्याचा आहे, यंत्रणेचा आहे की लोकांचा. उत्तर "लोकांचा" असं आलं तर चौकशी लगेच वाईट ठरत नाही, पण पुढचं सगळं वाचताना डोळे जास्त उघडे ठेवायचे.

साक्षीदार कोण आणि कुणी बोलावले

अमेरिकन काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कमिटीत बहुतेक साक्षीदार बहुमतातला पक्ष निवडतो आणि विरोधकांना सहसा एक मिळतो. १० मार्चला आधी तीन खासदार बोलले, जॉन डिंगेल, कीथ एलिसन आणि फ्रँक वुल्फ, मग चार साक्षीदार. अॅरिझोनाचे डॉक्टर झुहदी जासर, मिनियापोलिसचे सोमाली कार्यकर्ते अब्दिरिझाक बिही, टेनेसीतल्या मेम्फिसचे मेल्विन ब्लेडसो आणि लॉस एंजेलिस काउंटीचे शेरीफ, म्हणजे पोलीसप्रमुख, ली बाका. बाका डेमोक्रॅट्सनी बोलावलेले, बाकीचे किंग यांच्या बाजूनं.

आता ही यादी बघून स्वतःला विचारा की इथे कोण नाही. कट्टरतेवर वर्षानुवर्षं संशोधन करणारा एकही प्राध्यापक नाही. एफबीआयचा अधिकारी नाही. मोठ्या मशिदीचा इमाम नाही. विषय आहे "व्याप्ती", म्हणजे मोजमाप, आणि मोजमाप करणारा माणूसच बोलावलेला नाही! जॅकी स्पीअर या खासदारांनी त्याच दिवशी हा मुद्दा मांडला होता की तज्ज्ञ कुठे आहेत, आणि मला तो त्या दिवसातला सगळ्यात नेमका आक्षेप वाटतो. पण टीव्हीवर काय गाजलं तर शीला जॅक्सन ली राज्यघटनेची प्रत हातात धरून संतापून बोलल्या ते, कारण कॅमेऱ्याला ते दिसतं.

यादी वाचताना साक्षीदाराच्या चारित्र्यावर घसरू नका. बाका यांना पुढे २०१७ मध्ये एका वेगळ्या प्रकरणात, जेलमधल्या मारहाणीच्या तपासात अडथळा आणल्याबद्दल दोषी ठरवलं गेलं, आणि आता काही लोक ते दाखवून म्हणतात बघा असा माणूस होता तो. २०११ ला त्यांनी दिलेली माहिती बरोबर होती की चूक हे त्यावरून ठरत नाही, ती वेगळी तपासावी लागते. तसंच किंग यांच्याबाबत. ऐंशीच्या दशकात ते उत्तर आयर्लंडमध्ये ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेचे उघड समर्थक होते, आणि सुनावणीच्या वेळी विरोधकांनी ते भरपूर उगाळलं. किंग यांचं उत्तर होतं की आयआरएनं अमेरिकेवर कधी हल्ला केला नाही. मला ते उत्तर अजिबात पटत नाही, निरपराध माणूस बेलफास्टमध्ये मेला काय आणि न्यूयॉर्कमध्ये मेला काय. पण यातून किंग कसे आहेत ते कळतं, मिनियापोलिसची पोरं सोमालियात का गेली ते कळत नाही, म्हणून हा मुद्दा कुणी वादात आणला तर ऐकून घ्या आणि बाजूला ठेवा.

दुःखाची साक्ष कशी वाचायची

इथे थांबून, सावकाश वाचा असं माझं सांगणं आहे, कारण दोन्ही बाजू सगळ्यात जास्त अन्याय इथेच करतात.

बिही यांचा भाचा सतरा वर्षांचा होता, मिनियापोलिसच्या शाळेत शिकत होता, नोव्हेंबर २००८ मध्ये घरातून गेला आणि जून २००९ मध्ये मोगादिशूत मारला गेला. बिही यांनी सांगितलं की घरच्यांनी आवाज उठवायला सुरुवात केली तेव्हा मशिदीतल्या काही पुढाऱ्यांनी त्यांना गप्प बसायला लावलं, पोलिसांकडे गेलात तर मशिदीचं नुकसान होईल अशी भीती घातली. ब्लेडसो यांचा मुलगा नॅशविलला कॉलेजला गेला, तिथे मुस्लिम झाला, २००७ ला येमेनला गेला, परत आल्यावर जून २००९ मध्ये आर्कान्सातल्या लिटल रॉकच्या सैन्यभरती ऑफिसबाहेर त्यानं गोळीबार केला, एक सैनिक मेला. एक बाप कमिटीसमोर बसून सांगतोय की माझ्या पोराला हळूहळू कसं बदलवलं गेलं, भिंतीवरचे फोटो कसे उतरले, आम्हाला कसं कळलं नाही.

सुनावणीचे विरोधक तेव्हा सर्रास म्हणाले की या दोन गोष्टी किरकोळ आहेत, यातून काही सिद्ध होत नाही. आकडेवारी म्हणून ते बरोबर आहे. पण बिही हे स्वतः मुस्लिम, स्वतःच्या समाजातल्या बड्या लोकांविरुद्ध उभे राहिलेले, आणि त्यांना "वापरलं गेलं" एवढं म्हणून उडवून लावणं म्हणजे ज्या समाजाची बाजू घ्यायची त्यातल्याच दुखावलेल्या माणसाला गप्प करणं झालं. दुसरीकडे किंग यांचे समर्थक या दोन घरांच्या दुःखावरून सगळ्या देशातल्या मशिदींबद्दल निष्कर्ष काढून मोकळे झाले, तेही तितकंच चूक. साक्ष वाचताना वहीत दोन ओळी लिहा: या माणसानं स्वतः काय पाहिलं, आणि त्यावरून दुसऱ्यांनी काय काढलं. पहिलीला पूर्ण मान द्यायचा, दुसरीला पुरावा मागायचा.

एलिसन यांची साक्षही याच पद्धतीनं वाचा. अमेरिकन काँग्रेसवर निवडून आलेले ते पहिले मुस्लिम. त्यांनी मोहम्मद सलमान हमदानीची गोष्ट सांगितली, २३ वर्षांचा पाकिस्तानी वंशाचा न्यूयॉर्ककर, पोलीस कॅडेट, वैद्यकीय मदतीचं ट्रेनिंग घेतलेला, ११ सप्टेंबर २००१ ला लोकांना वाचवायला ट्विन टॉवर्सकडे धावला आणि तिथेच गेला. तो सापडत नव्हता तेव्हा तो मुस्लिम आहे म्हणून हल्लेखोरांशीच त्याचा संबंध असेल असा संशय पसरला होता. पुढे त्याचे अवशेष तिथेच सापडले. हे सांगताना एलिसन यांना रडू आवरलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी वाद सुरू झाला की रडणं नाटकी होतं का. तुम्ही रडण्यावर वेळ घालवू नका, तथ्य तपासा. एलिसन यांच्या टीकाकारांनी दाखवलं की ऑक्टोबर २००१ च्या पेट्रियट अॅक्टमध्येच, म्हणजे हल्ल्यानंतर आलेल्या दहशतवादविरोधी कायद्यातच, हमदानीचं नाव घेऊन गौरव केलाय, म्हणजे सरकारनं तरी लवकर मान दिला. हेही खरं. आणि त्याच्या आईवडिलांना त्या दिवसांत संशयाच्या नजरा सोसाव्या लागल्या, तेही खरं. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे मान्य केलं की निम्मं भांडण तिथेच मिटतं.

आकडा आला की त्याचा पत्ता विचारा

या वादात सगळ्यात जास्त फिरलेला आकडा म्हणजे अमेरिकेतल्या ८० ते ८५ टक्के मशिदी कट्टरपंथीयांच्या ताब्यात आहेत. किंग यांनी हे २००४ मध्ये एका रेडिओ कार्यक्रमात म्हटलं होतं. माग काढत गेलात तर तो १९९९ पर्यंत जातो, तेव्हा शेख हिशाम कब्बानी या अमेरिकेतल्या सूफी धर्मगुरूंनी परराष्ट्र खात्याच्या एका कार्यक्रमात ८० टक्के असं म्हटलं होतं, आणि त्यामागे कुठलंही सर्वेक्षण नव्हतं, ते त्यांचं स्वतःचं निरीक्षण होतं. एका माणसाचं मत बारा वर्षांत "माहिती" होऊन बसलं.

आता उलट बाजूचे आकडे. ड्यूक आणि नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांशी जोडलेल्या एका केंद्रानं फेब्रुवारी २०११ मध्ये चार्ल्स कुर्झमन यांचा अभ्यास काढला. ९/११ नंतर अमेरिकन मुस्लिमांनी देशात केलेल्या दहशतवादी हल्ल्यांत ३३ माणसं मेली होती, आणि त्याच काळात अमेरिकेत एकूण खून झाले सुमारे दीड लाख. तसंच ज्या १२० प्रकरणांत पहिली खबर कुठून आली हे कळलं त्यातल्या ४८ मध्ये ती मुस्लिम समाजातूनच आली होती. हे आकडे काळजीपूर्वक मोजलेले आहेत. पण यांचाही गैरवापर होतो. ३३ आणि दीड लाख ही तुलना बघून कुणी म्हणालं की मग प्रश्नच नाही, तर ते बरोबर नाही, टाइम्स स्क्वेअरचा बॉम्ब फुटला असता तर तो ३३ एका संध्याकाळीत बदलला असता. आणि ४८ कडे बघून "समाज मदत करतो" म्हणणारा आणि उरलेल्या ७२ कडे बोट दाखवून "करत नाही" म्हणणारा, दोघं एकच कागद हातात धरून भांडत असतात.

प्यू रिसर्चनं ऑगस्ट २०११ मध्ये १,०३३ अमेरिकन मुस्लिमांचं सर्वेक्षण छापलं, ते तर या कामासाठी उत्तम उदाहरण आहे. त्यात २१ टक्के लोक म्हणाले की अमेरिकन मुस्लिमांमध्ये कट्टरतेला बऱ्यापैकी किंवा खूप पाठिंबा आहे. ४८ टक्के म्हणाले आपल्या नेत्यांनी कट्टरपंथीयांविरुद्ध पुरेसा आवाज उठवलेला नाही. आणि ५२ टक्के म्हणाले की सरकारच्या दहशतवादविरोधी धोरणात मुस्लिमांना वेगळं काढून पाळत ठेवली जाते. कुणी तुम्हाला यातला एकच आकडा पाठवला तर उरलेले दोन त्याला परत पाठवा, भांडायची गरज नाही.

"तुमचे लोक सांगत का नाहीत" हा प्रश्न

याचं उत्तर शोधताना मराठी वाचकाला एक उदाहरण अगदी जवळचं आहे, डेव्हिड हेडली. अमेरिकन नागरिक, शिकागोत राहणारा, २६/११ आधी मुंबईत वारंवार येऊन ताज, ट्रायडंट, छाबड हाउस, सीएसटी सगळ्याची टेहळणी करून गेला, आणि त्या हल्ल्यात १६६ माणसं गेली. ह्या हेडलीबद्दल त्याच्या एका बायकोनं २००५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तपास यंत्रणांना सांगितलं होतं, आणि दुसऱ्या बायकोनं हल्ल्याच्या आधी इस्लामाबादच्या अमेरिकन वकिलातीत जाऊन सांगितलं होतं. त्याला अटक झाली ऑक्टोबर २००९ मध्ये. नायजेरियाच्या उमर फारूक अब्दुलमुतल्लबनं डिसेंबर २००९ मध्ये डेट्रॉइटच्या विमानात बॉम्ब फोडायचा प्रयत्न केला, त्याच्या वडिलांनी महिनाभर आधी अमेरिकन वकिलातीत जाऊन माझा मुलगा वाईट मार्गाला लागलाय असं सांगितलं होतं. त्याच महिन्यात व्हर्जिनियाचे पाच तरुण पाकिस्तानात पकडले गेले, त्यांच्या आईवडिलांनी केअर या मुस्लिम संघटनेकडे धाव घेतली आणि तिनं ते एफबीआयपर्यंत पोचवलं. हीच ती केअर, जिच्यावर किंग यांच्या सुनावणीत सगळ्यात जास्त टीका झाली. बिही यांनी सांगितलेली मशीद खरी, आणि हे आईबापही खरे. म्हणून नुसतं "सांगतात का" एवढ्यावर थांबू नका, "सांगितल्यावर पुढे काय झालं" हेही विचारा, आणि ते समाजाला नव्हे तर सरकारला विचारा. मुंबईतली माणसं गेली ती याच उत्तरातल्या हलगर्जीपणामुळे असं मला वाटतं आणि ते मी ठामपणे म्हणतो.

इतिहासाचे दाखले थोडक्यात. जॉन डिंगेल म्हणाले की मी कमिटीचा अध्यक्ष होतो तेव्हा भिंतीवर जोसेफ मॅकार्थीचा, म्हणजे १९५० च्या दशकात कम्युनिस्ट असल्याच्या संशयावरून लोकांच्या मागे चौकश्या लावणाऱ्या सिनेटरचा, फोटो ठेवायचो, आपल्याला कसं व्हायचं नाहीये हे आठवावं म्हणून. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं जपानी वंशाच्या लोकांना ज्या छावण्यांत डांबलं त्यातल्या एकीत लहानपणी राहिलेले खासदार माइक होंडा यांनीही सुनावणीला विरोध केला होता. असा दाखला आला की जुळतं काय आणि जुळत नाही काय ते दोन्ही बघा. १० मार्चला कुणाची नोकरी गेली नाही, कुणाला छावणीत टाकलं नाही, त्यामुळे दाखला पुरता बसत नाही. इशारा म्हणून मात्र घ्यायला हरकत नाही, कारण त्या वेळीही सुरुवात संपूर्ण गटावर शंका घेण्यातूनच झाली होती.

खोलीच्या बाहेर बघा

सुनावणीवर सगळा देश भांडत असताना न्यूयॉर्क पोलिसांचं डेमोग्राफिक्स युनिट गुपचूप मुस्लिमांची कॅफे, दुकानं, मशिदी, विद्यार्थी संघटना यांच्या नोंदी करत होतं. असोसिएटेड प्रेसनं ऑगस्ट २०११ पासून ते उघडकीला आणलं, त्यासाठी २०१२ चं पुलित्झर मिळालं. पुढे पोलीस अधिकाऱ्यानं शपथेवर सांगितलं की त्या युनिटच्या कामातून दहशतवादाच्या तपासाला एकही धागा मिळाला नाही, आणि एप्रिल २०१४ मध्ये युनिट बंद झालं. किंग यांची सुनावणी निदान कॅमेऱ्यासमोर, नोंद ठेवून, विरोधकाला बोलू देऊन झाली. लोकांच्या रोजच्या जगण्यावर परिणाम कशाचा जास्त झाला असेल? म्हणून चौकशीची बातमी वाचताना बाजूला दुसरं काय चाललंय, कुठला कायदा, कुठली पाळत, ते शोधायची सवय लावा.

आता प्रत्यक्ष वाचायचं कसं. सुनावणीचा पूर्ण ट्रान्सक्रिप्ट अमेरिकन सरकारच्या गव्हइन्फो साइटवर फुकट आहे आणि व्हिडिओ सी-स्पॅनवर. सुरुवातीची भाषणं लांबलचक असतात, ती शेवटी वाचा. आधी साक्षीदारांचे लेखी जबाब, मग प्रश्नोत्तरं. प्रश्नोत्तरांत कुठल्या खासदारानं खरंच प्रश्न विचारला आणि कुणी स्वतःचंच भाषण पाच मिनिटं केलं ते पेन्सिलनं खुणा करत गेलात तर अर्ध्या तासात कळतं की कोण शिकायला आलं होतं. बाका यांना एका खासदारानं केअरवरून घेरलं तेव्हा ते म्हणाले की ती गुन्हेगार संघटना असेल तर खटला भरा आणि कोर्टात आणा, तो भाग नक्की वाचा, पोलिसी कामाची दृष्टी कशी असते ते तिथे दिसतं.

फॅमिली ग्रुपवर काका किंवा मामा असला एखादा व्हिडिओ टाकतील तेव्हा त्यांना सगळ्यांसमोर खोटं पाडायला जाऊ नका, "काका, ही पूर्ण सुनावणी कुठली आहे, तारीख काय" एवढंच विचारा. तारीख मिळाली की ट्रान्सक्रिप्ट मिळतो आणि बोलणं कागदावर येतं.

आणि हे एक वाचून झालं की दुसरं एक वाचायला घ्या. २०११ ला किंग यांच्या शेजारी विरोधी पक्षाचे प्रमुख म्हणून बसलेले बेनी थॉम्पसन, त्यांनीच २०२१ मध्ये संसदेवरच्या ६ जानेवारीच्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या कमिटीचं अध्यक्षपद सांभाळलं. तिथेही विषय होता सामान्य नागरिक हिंसेकडे कसे वळले. तिचा अंतिम अहवाल डिसेंबर २०२२ मध्ये आला. दोन्हीची शीर्षकं, साक्षीदारांच्या याद्या आणि पहिले दोन जबाब शेजारी ठेवून वाचा, आणि वर सांगितलेले सगळे प्रश्न दोघांनाही सारखेच विचारा.